पक्ष्याचं नाव नंतर, आवाज आधी ठेवा

नाटकांच्या ध्वनिव्यवस्थेत माझी हयात गेली. त्यामुळे चिपळुणात कुणाला अंगणात पक्ष्यांसाठी माइक लावायचा झाला की फोन मला येतो. प्रश्न ठरलेला: माइक कोणता घेऊ? उत्तरही ठरलेलं: टांगणार कुठे, ते आधी सांगा.

उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. जास्वंदीतला शिंपी दहा मीटरवर आणि पाण्याचा पंप दोन मीटरवर असेल, तर कितीही महाग माइक घ्या, तो पंपच ऐकवणार. कोकणात याहून मोठा वैरी म्हणजे पत्रा. जूनमध्ये पत्र्याखाली माइक लावणं म्हणजे ताशाशेजारी बसून बासरी ऐकणं. फांदीलाही बांधू नका, पानं सळसळतात, खांब बरा. तोंड खाली हवं. आडोशाला पीव्हीसी पाइपचा तुकडा बरेच जण वापरतात, पण माइक आत खोल सारला की आवाज घुमतो. तो पाइपच्या तोंडाशीच ठेवा. वायर डब्यात शिरण्याआधी तिला खाली झोल द्या, पाणी तिथेच ठिबकतं. वाऱ्यासाठीची केसाळ टोपी उन्हाळ्यात उत्तम, पावसात चिंब झाली की तीच आवाज दाबते.

पुढचं काम बर्डनेटचं. अमेरिकेतल्या कॉर्नेलची पक्षिविज्ञान प्रयोगशाळा आणि जर्मनीतलं केम्निट्झचं तंत्रविद्यापीठ यांनी ते बनवलं. ते आवाजाचे तीन-तीन सेकंदांचे तुकडे करतं, त्यांचं चित्र काढून ताडून बघतं आणि नाव सांगतं. नावाशेजारी शून्य ते एकमधला आकडा असतो, आणि लोक तिथेच भुलतात. ०.८ म्हणजे ऐंशी टक्के खात्री नव्हे. प्रत्येक पक्ष्यासाठी त्या आकड्याचं वजन वेगळं असतं. माझ्याकडे भारद्वाज ०.६ लाही पक्का निघतो आणि ०.९ चं एखादं घुबड नुसता बेडूक. पल्लवपुच्छ कोतवाल तर इतरांच्या नकला करण्यातच पटाईत. त्याने शिक्र्याचा आवाज काढला आणि यंत्राने शिक्रा लिहिला, तर यंत्राला तरी काय बोलणार?

म्हणून अलीकडे निघालेली एक टूम मला पटत नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी लोकजैवविविधता नोंदवह्या करायच्या असतात. माइक लावा, यादी छापा, वहीला जोडा, काम फत्ते, असं उत्साही मंडळी म्हणतात. माझा याला विरोध आहे. माणसाने कानाने पडताळलेलं नावच वहीत जावं, आणि त्यासोबत मूळ ध्वनिमुद्रण जपलेलं असावं. आज चुकलेलं नाव उद्या कुणी जाणकार दुरुस्त करेल, पण आवाजच पुसला तर दुरुस्त काय करणार?

जागा पुरत नाही, ही सबब मला सांगू नका. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, एकाच माइकचा आवाज न दाबता साठवला तर दिवसरात्रीचे साधारण ८ जीबी होतात. दिवसभराचा हट्ट कशाला? पाच ते सात ही दोनच तासांची पहाट ठेवा, ती ०.७ जीबीत मावते. एक टीबीच्या डिस्कवर जवळजवळ चार वर्षांच्या पहाटा बसतात. पावश्या यंदा कधी बोलायला लागला, शीळकरी कस्तुराची शीळ किती आठवडे टिकली, हे पुढे कुणालाही तपासता येईल. नुसत्या यादीतून ते पडताळता येत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. माइक माणसांचंही ऐकतो. काही प्रणाल्यांत माणसाचा आवाज ओळखून तेवढा तुकडा टाकून देण्याची सोय असते, पण सगळी पहाट जपायची म्हटलं की ती पुरत नाही. माइक पाणंदीकडे नव्हे, परसाकडे लावा, शेजाऱ्यांना विचारा आणि दिसेल अशी पाटी टांगा. मी पाटी लावली तेव्हा पलीकडच्या काकूंनी विचारलं, "आमची भांडणं नाही ना रे जात त्यात?"

"पाच ते सातच्या आत उरकलीत तर जातील," म्हटलं. त्यावर काका म्हणाले, "मग हिला आठनंतर सुरू करायला सांगतो."