कांस्यपदकांनी बांधलेली वाट

१० ऑगस्ट २०२४. पॅरिस ऑलिंपिक संपायला एकच दिवस उरला होता. ग्राँ पालेच्या भव्य काचेच्या छताखाली बावीस वर्षांच्या आल्तेया लोरँने उझबेकिस्तानच्या स्वेतलाना ओसिपोव्हाला हरवलं आणि ६७ किलोंवरील गटाचं सुवर्ण जिंकलं. तायक्वांदोमधलं फ्रान्सचं हे पहिलंच ऑलिंपिक सुवर्ण. अशा वेळी ‘एका रात्रीत नाव झालं’ असं सर्रास म्हटलं जातं. मला ते मुळीच पटत नाही.

तायक्वांदो ऑलिंपिक पदकांचा खेळ झाला २००० साली, सिडनीत. तिथे पास्काल जाँती या उंचापुऱ्या हेवीवेट खेळाडूने फ्रान्सला कांस्य मिळवून दिलं आणि २००४ मध्ये अथेन्सला पुन्हा कांस्य. त्याच अथेन्समध्ये मिरियम बाव्हरेलला रौप्य मिळालं. पुढे बीजिंगला ग्लादिस एपांगचं कांस्य, लंडनला आन-कारोलिन ग्राफचं रौप्य. रिओच्या अंतिम फेरीत हाबी नियारे कोरियाच्या ओ हे-रीकडून १२-१३ अशी हरली.

एका गुणाची किंमत काय, हे या खेळात कळतं. छातीवरच्या कवचात आणि पायातल्या मोज्यांत सेन्सर असतात. लाथ नुसती लागून भागत नाही. वजनगटाला ठरवून दिलेला जोर तिच्यात नसेल, तर फलकावर काही चढत नाही. मॅटच्या रेषेबाहेर पाय गेला, तोल जाऊन पडलं, तरी गुण समोरच्याच्या खात्यात. आजच्या नियमांत फेरी दोन मिनिटांची असते. वर्षानुवर्षांची मेहनत तेवढ्यात सिद्ध करायची.

लोरँ एपिने-स्युर-सेनची. पॅरिसच्या उत्तरेला लागून असलेला सेन-सँ-दनी हा तिचा जिल्हा फ्रान्समधल्या सर्वांत गरीब भागांपैकी एक. टोकियोत तिने कांस्य जिंकलं तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि कोरोनामुळे प्रेक्षागृह रिकामं होतं. २०२३ मध्ये बाकूला ती विश्वविजेती झाली. मग आपल्याच माणसांसमोर, घरापासून हाकेच्या अंतरावर, सुवर्ण. म्हणजे तिच्याही वाटेवर आधी कांस्यच होतं.

फ्रान्समध्ये ज्युदोचं प्रस्थ मोठं. ज्युदोपटू टेडी रिनेर तिथल्या घराघरांत माहीत आहे. त्या मोठ्या नावांच्या गर्दीत तायक्वांदो चोवीस वर्षं टिकून राहिला, तो या रौप्य-कांस्य विजेत्यांमुळे. बाव्हरेलने पुढे राष्ट्रीय संघाला शिकवलं, म्हणजे अंतिम फेरीतल्या पराभवातून आलेलं शहाणपण पुढच्या पिढीच्या कामी आलं. लोकप्रियतेचा झोत मात्र सुवर्णावरच थांबतो, ही माझी तक्रार आहे.

याच पॅरिसमध्ये कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने नेमबाजीत कांस्य जिंकलं. पैलवान खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या हेलसिंकीतल्या कांस्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली. खाशाबांच्या कांस्याचं मोल ओळखून आपण तेव्हाच तालमी, प्रशिक्षक, पैसा उभा केला असता, तर एवढी वाट पाहावी लागली नसती, असं मला ठामपणे वाटतं. कांस्य म्हणजे हुकलेलं सुवर्ण नव्हे. ते पुढच्या खेळाडूसाठीचं भांडवल आहे आणि ते वेळीच गुंतवायला हवं.