प्रबंध पुरा झाला म्हणजे काय?

एखादा पदव्युत्तर विद्यार्थी मानसिक आरोग्याचा विषय घेऊन पन्हाळ्याच्या पायथ्याच्या गांवांत संशोधनास जातो. घरोघर त्यास पाणी मिळतें, बसावयास घोंगडें मिळतें, आणि ओळख ना पाळख अशा त्या पोरास बायाबापड्या आपलें सारें दुःख सांगतात. पुढें आंकड्यांचीं कोष्टकें होतात, इंग्रजी प्रबंध लिहिला जातो, तोंडी परीक्षेंत परीक्षक संतोष दर्शवितात, आणि संशोधन पूर्ण झालें असा निर्वाळा मिळतो. आमचा तंटा आहे तो या 'पूर्ण' शब्दाशीं. ज्यांच्या दुःखावर पदवी उभी राहिली त्यांच्या कानीं त्यांतील एक वाक्यहि पडूं नये, आणि तरीहि काम पूर्ण म्हणावें, हा व्यवहार कुळाकडून शेत कसवून पीक परस्पर वाड्यांत नेणाऱ्या इनामदाराचा आहे, विद्येचा नव्हे.

कोणी म्हणेल, प्रबंधाची भाषा ही बाहेरची बाब. तिनें शास्त्राचें काय बिघडतें? बिघडतें तें मुळांतच. नैराश्य मोजण्याची झुंग यांची १९६५ ची प्रश्नावली अमेरिकेंत तयार झाली. अशा प्रश्नावलीचें भाषांतर करून तें पुन्हा इंग्रजींत उलटवून ताडून पाहण्याची रीत ब्रिस्लिन यांनीं १९७० सालीं मांडली, व ती चांगली आहे. परंतु दोन्ही भाषांतरकार शहरी पदवीधर असले म्हणजे शब्द जुळतात आणि अर्थ निसटतो. 'उदास' हाच शब्द घ्या. वारकऱ्याच्या घरांत वाढलेल्या म्हातारीस प्रपंचाविषयीं उदास होणें हें भाग्य वाटतें. तिनें 'होय' म्हटलें, तर तें उत्तर रोगाच्या खातीं मांडावें कीं भक्तीच्या? उलट तिचें खरें दुखणें 'जिवाला घोर लागलाय', 'काळीज जाग्यावर नाहीं' अशा बोलांत असतें, आणि त्या बोलांस पुष्कळदां रकानाच नसतो. निष्कर्ष गांवासमोर मराठींत मांडण्याचें बंधन असतें, तर ही चूक गांवानें पहिल्याच सभेंत पकडली असती.

लोकांच्या भाषेंत बोलल्यानें काय साधतें, याचा पुरावा आपल्याच महाराष्ट्रांत आहे. अमरावती जिल्ह्यांतील ३० गांवांत 'विश्राम' नांवाचा उपक्रम चालला. गांवपातळीवरील कार्यकर्त्यांस शिकवून त्यांच्याकरवीं लोकांशीं बोलणें, हा त्याचा गाभा. नैराश्यानें पीडलेल्यांपैकीं उपचारासाठीं गेलेल्यांचें प्रमाण दीड वर्षांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलें, असें २०१७ सालीं प्रसिद्ध झालें. उलट २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणींत निरनिराळ्या मनोविकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांस उपचारच मिळत नसल्याचें आढळलें होतें. एवढी दरी डोळ्यांपुढें असतां केवळ दुःखाची मोजदाद करून घरीं परतणें शोभत नाहीं.

यावर ठराविक आक्षेप येतो, कीं मराठींत परिभाषा नाहीं. भाषा संचालनालयाचा मानसशास्त्राचा परिभाषाकोश उघडून न पाहणाऱ्यांनींच हें म्हणावें! १७२९ सालीं ज्या पन्हाळ्यावर मोरोपंत जन्मले, तेथें तरी ही सबब सांगूं नये. त्यांनीं अवघें महाभारत मराठी आर्यांत आणिलें, आणि आमच्या पदवीधरांस पन्नास पानांचा सारांश आणवत नाहीं. दुसरा आक्षेप असा, कीं जग मराठी वाचीत नाहीं. जगासाठीं इंग्रजींत अवश्य लिहा. त्यास आमची ना नाहीं. पण ज्यांनीं दार उघडलें तेहि जगांतच राहतात.

तिसरा आक्षेप वेळेचा आहे, व तो मात्र विचारार्ह आहे. विद्यार्थ्यावर आधींच ओझें फार. तथापि विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२२ च्या नियमांत पीएच. डी. च्या प्रबंधापूर्वीं निबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती काढून टाकली. त्या मोकळ्या झालेल्या जागीं दोन गोष्टी घालाव्या: मराठी सारांश आणि गांवांत एक सभा. पदव्युत्तर लघुप्रबंधासहि हाच नियम लावावा. सभेंत कोणा घराचें नांव निघूं नये, कोणी ओळखूं येईल असा तपशील नसावा. एकंदर निष्कर्ष सांगावे, आणि मदत कोठें मिळते तें सांगावें. २०२२ पासून 'टेली-मानस'चा १४४१६ हा क्रमांक आहे. निदान तो तरी प्रत्येक घरीं लिहून ठेवावा. संशोधनाचा लाभ ज्या समाजांत तें झालें त्यास पोंचावा, हें भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नीतिनियमांतहि आहेच. आम्ही नवें कांहीं मागत नाहीं.

मार्गदर्शकांनीं स्वाक्षरी करण्यापूर्वीं विद्यार्थ्यास एवढेंच विचारावें: 'गांवांत जाऊन आलास काय?' उत्तर नकारार्थी असेल तर प्रबंधाची बांधणी कितीहि सुबक असो, तो अपुरा आहे असें समजून परत करावा.