शालेय सुरक्षेच्या आराखड्यात मुलांच्या मनाची तरतूद करा

हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ व वसमत या पाचही तालुक्यांतील पालक, शिक्षक, शाळा व्यवस्थापन समित्यांचे सभासद आणि ग्रामपंचायतींचे पदाधिकारी यांस सविनय निवेदन

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास ४.५ तीव्रतेच्या धक्क्याने आपला सारा टापू हादरला, पुढे १० जुलैस तितक्याच तीव्रतेचा धक्का पुन्हा बसला, आणि वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे व भोवतालच्या गावांची झोप तर त्याच्या कित्येक वर्षे आधीपासून भूगर्भातून येणाऱ्या आवाजांनी उडविली होती. अशा मुलखात शाळेच्या भिंतींची तपासणी व्हावी, मुलांना मेजाखाली आश्रय घेण्याचा सराव द्यावा, बाहेर पडण्याची वाट मोकळी ठेवावी, हे उचितच होय. परंतु जे मूल रात्री भीतीने निजले नाही आणि दुसऱ्या दिवशी फळ्याकडे शून्य दृष्टीने पाहत बसले, त्याच्याशी कोणी, केव्हा आणि कसे बोलावयाचे, याची तजवीज त्याच आराखड्यात असावयास नको काय?

आपल्या देशात शालेय सुरक्षेचे बहुतेक नियम बालकांवर अनर्थ ओढवल्यानंतर लिहिले गेले. १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या आगीत ९४ मुले होरपळून मेली, आणि त्यानंतर पाच वर्षांनी, २००९ साली, सर्वोच्च न्यायालयाने अग्निसुरक्षेचे दंडक देशभरच्या शाळांना लागू केले. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत बालिकांवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेने महाराष्ट्र क्षुब्ध झाला, तेव्हा त्याच महिन्याच्या २१ तारखेच्या शासन निर्णयाने सीसीटीव्ही, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती व विद्यार्थी सुरक्षा समिती यांचा बंदोबस्त करण्यास शाळांना फर्माविले. या उपायांस आमचा लवमात्र विरोध नाही. आमचे म्हणणे इतकेच की, ज्या संकटाने आग आणि भूकंप यांहून कितीतरी अधिक विद्यार्थी दरवर्षी हिरावून नेले आहेत, त्या संकटास सुरक्षेच्या व्याख्येबाहेर ठेवण्याचा अधिकार कोणासही नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या दप्तरानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपला जीव दिला, आणि त्यांतील १,७६४ एकट्या महाराष्ट्रातील, म्हणजे दिवसाला जवळजवळ पाच, साऱ्या राज्यांत सर्वाधिक. यांत महाविद्यालयीन मुलेही आहेत हे खरे; परंतु महाविद्यालयात पोहोचलेले मन शाळेतच घडलेले असते.

आपल्या जिल्ह्यातील मुलाचे दुःख कोठून उपजते हे जाणण्यास परदेशी ग्रंथ उघडण्याचे कारण नाही. दिवाळी सरली की मुकादमाची उचल फेडण्यासाठी आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीस निघतात आणि मूल आजीच्या हवाली होते. कळमनुरीच्या डोंगरपट्ट्यातील आंध आदिवासींचे लेकरू सहाव्या-सातव्या वर्षी आश्रमशाळेत येते आणि रात्री कोणाला हाक मारावी हे त्याला कळत नाही. दहावीला उत्तम गुण मिळविलेल्या मुलीला बाप कर्ज काढून नांदेडला किंवा लातूरला शिकवणीस ठेवतो आणि तेथे चाचणीतील क्रमांकावरून तिची किंमत ठरू लागते. सोयाबीनचा भाव कोसळला, हळदीला पाणी कमी पडले, सावकाराचा तगादा वाढला, तर त्याची झळ प्रथम घरातील मुलास लागते. आणि ज्या घरातील कर्त्या पुरुषाने कर्जापायी मृत्यू पत्करला, त्या घरातील मूल तेराव्यानंतर शाळेत परत येते, तेव्हा हजेरीपत्रकावर 'हजर' एवढी एकच नोंद होते! शासनाच्या साऱ्या दप्तरात त्या दिवशी त्या मुलाविषयी याहून अधिक काही लिहिण्याची सोय नाही, ही गोष्ट आम्हांस असह्य वाटते.

कायदा याबाबतीत मुका नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही मनाई केली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या १८ व्या कलमाने अशी सेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरविला आहे. आणि २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, विशाखापट्टणम येथे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात, देशातील सर्व शिक्षणसंस्थांस बंधनकारक असे पंधरा निर्देश दिले. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, त्याहून लहान संस्थेचा बाहेरील तज्ज्ञांशी रीतसर संबंध, सर्व कर्मचाऱ्यांस वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती, ही त्यांतील प्रमुख कलमे. अशी समिती आपल्या जिल्ह्यात बसली असेल तर तिची इतिवृत्ते जनतेसमोर यावीत. बसली नसेल तर ती कोणत्या तारखेस बसणार याचे उत्तर जिल्हा प्रशासनाने द्यावे. वाड्या-तांड्यांवरील शाळांचा पट शंभराच्या आत राहतो, म्हणून 'त्याहून लहान संस्था' हेच कलम आपल्याला अधिक महत्त्वाचे आहे, आणि कागदावर सर्वांत सहज विरून जाणारेही तेच.

काही वडीलधारे म्हणतात की, आमच्या वेळी मास्तरांचा मार खाऊनही आम्ही शिकलोच ना. जे शिकले ते आज बोलावयास उभे आहेत. जे घाबरून शाळा सोडून गेले, त्यांची साक्ष कोणी काढली? दुसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो अधिक गंभीर आहे: निवडणूक, सर्वेक्षणे, पोषण आहाराचा हिशेब आणि ऑनलाइन माहिती यांच्या ओझ्याखाली दबलेल्या माणसावर आता हे नवे काम कशास? आमचे उत्तर असे की, शिक्षकाने वैद्य व्हावे अशी आमची मागणीच नाही. मूल अकस्मात अबोल झाले, डबा खाईनासे झाले, वारंवार गैरहजर राहू लागले, 'मी नसलो तर बरे' असे बोलले, एवढे ओळखणे आणि त्याला योग्य हाती पोहोचविणे हे शिक्षकाचे. पुढील भार आरोग्य विभागाने उचलावयाचा. ते योग्य हात कोणते, हे आज खेड्यातील मुख्याध्यापकास कोणी सांगितलेले नसते, आणि खरा दोष येथेच आहे.

हात मात्र अगदीच नाहीत असे नव्हे. शेतकऱ्यांच्या आत्महत्या रोखण्यासाठी शासनाने २०१५ साली मराठवाडा व विदर्भातील चौदा जिल्ह्यांत, आपल्या जिल्ह्यासह, प्रेरणा प्रकल्प सुरू केला आणि आशा कार्यकर्तीस घरोघर जाऊन खचलेला माणूस ओळखण्याचे काम दिले. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य कार्यक्रमाची व्यवस्था आहे. ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानसचा १४४१६ हा विनामूल्य दूरध्वनी अहोरात्र चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येते. ज्या आशाताईला बापाच्या कर्जाची चिंता ठाऊक आहे, तिला त्याच घरातील मुलाच्या शाळेशी जोडण्यास नवी इमारत लागत नाही. दोन खात्यांनी एका मेजाभोवती बसावे लागते.

शिक्षणहक्क कायद्याच्या २२ व्या कलमान्वये शाळा विकास आराखडा तयार करण्याचा अधिकार शाळा व्यवस्थापन समितीस, म्हणजे मुख्यत्वे पालकांस आहे, आणि त्याच आराखड्याच्या आधारे शासनाने अनुदान द्यावे असेही ते कलम सांगते. तेव्हा येत्या ग्रामसभेत आणि समितीच्या बैठकीत पुढील ठराव मांडावा, इतिवृत्तात लिहवून घ्यावा व त्याची प्रत गटशिक्षणाधिकारी आणि जिल्हाधिकारी यांच्या कार्यालयात पोच घेऊन रुजू करावी: आमच्या शाळेच्या सुरक्षा आराखड्यात मानसिक आरोग्य हे स्वतंत्र प्रकरण असावे; मुलांशी बोलण्याची जबाबदारी असलेल्या एका शिक्षकाचे व एका शिक्षिकेचे नाव त्यात नमूद असावे; प्रत्येक केंद्रातील शाळांस महिन्यातून ठरलेल्या दिवशी समुपदेशक यावा, आणि आश्रमशाळा व वसतिगृहांत तो सर्वांआधी यावा; मुलाने सांगितलेली गोष्ट गुप्त राहावी; घरात मृत्यू वा स्थलांतर झालेल्या मुलाची आठवड्याच्या आत विचारपूस व्हावी; १४४१६ हा क्रमांक प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवावा; आणि या साऱ्यासाठी जिल्हा नियोजन समितीने चालू आर्थिक वर्षातच तरतूद करावी.