महोत्सवाची वाट मलकापूरपर्यंत यावी

कोल्हापूरहून रत्नागिरीकडे निघालेला रस्ता आंबा घाट उतरण्यापूर्वी मलकापूर ओलांडतो. पावनखिंड आणि विशाळगडाकडे जाणारे इतिहासप्रेमी या गावाला ओळखतात, कोकणात निघालेले पर्यटक चहापुरते येथे थांबतात. शाहूवाडी तालुक्याच्या या बाजारपेठेपासून कोल्हापूर पन्नास किलोमीटरांच्या आत आहे. तरीही कोल्हापुरात चित्रपट महोत्सव भरतो, तेव्हा येथील जिज्ञासू तरुणाला तो दूरदेशीचाच वाटतो. सायंकाळचा खेळ आणि त्यानंतरची चर्चा ऐकायची, तर परतीच्या एसटीचे काय, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. म्हणजे ज्या चित्रपटांत ग्रामीण महाराष्ट्र दिसतो, ते पाहण्याची सोय मात्र ग्रामीण महाराष्ट्राला नाही!

कोल्हापूरच्या बाबतीत ही विसंगती अधिकच बोचते. परदेशी यंत्रावर विसंबून न राहता बाबुराव पेंटर यांनी याच नगरीत स्वतः कॅमेरा घडविला. 1920 मध्ये त्यांचा 'सैरंध्री' आला आणि लोकमान्य टिळकांनी 'सिनेमा केसरी' म्हणून त्यांचा गौरव केला. परंतु बाबुराव पौराणिक वैभवात रमून राहिले नाहीत. 1925 च्या 'सावकारी पाश'मध्ये त्यांनी कर्जात बुडालेला, जमीन गमावून शहराची वाट धरणारा शेतकरी पडद्यावर आणला. त्या तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. स्वतंत्र बाण्याच्या चित्रपटाची परंपरा आपल्याकडे परदेशातून आली, असे म्हणणाऱ्यांनी हे साल ध्यानात ठेवावे. त्याच बाबुरावांच्या नावाने स्थापन झालेल्या फिल्म सोसायटीने कोल्हापूरचा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू केला, ही उचित अशीच गोष्ट होय.

महोत्सव म्हणजे निव्वळ हौस, असाही एक समज आहे. इतिहास वेगळे सांगतो. 1952 मध्ये भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत भरला. तेथे व्हित्तोरिओ डी सिका यांचा 'बायसिकल थीव्ह्ज' बिमल रॉय यांनी पाहिला आणि त्या प्रेरणेतून पुढच्याच वर्षी 'दो बिघा जमीन' उभा राहिला. इटलीतील एका बेकार मजुराची व्यथा पाहून भारतीय दिग्दर्शकाला आपल्या भूमीवरचा शेतकरी दिसला. चांगले परके आपलेसे करताना स्वत्व हरवत नाही, उलट ते अधिक उजळते, याचे याहून बोलके उदाहरण कोणते?

आज मराठी चित्रपटाला गुणवत्तेची वाण नाही. 2004 च्या 'श्वास'ने राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळविले. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' 2014 मध्ये व्हेनिसला गौरविला गेला. जयंत सोमलकर यांच्या 'स्थळ'ला 2023 मध्ये टोरांटोत पुरस्कार मिळाला. गावाकडच्या मुलीला 'दाखविण्याच्या' कार्यक्रमात काय सोसावे लागते, हे त्यात आहे. भाऊराव कऱ्हाडे यांनी तर 'ख्वाडा'साठी वडिलोपार्जित जमीन विकली. जमीन गमावलेल्या शेतकऱ्याचा चित्रपट कोल्हापुरात निघाला, त्याला नव्वद वर्षे होत असताना एका शेतकऱ्याच्या मुलाला चित्रपटासाठी जमीन विकावी लागली! समाज म्हणून याचा विचार आपण करणार की नाही?

अशा चित्रपटांना शहरी बहुपडदा चित्रगृहांत गैरसोयीची वेळ मिळते आणि आठवडा उलटण्याच्या आत ते उतरतात. पुढे ते मोबाईलवर उपलब्ध होतात, हे खरे. परंतु मोबाईलवर माणूस एकटा पाहतो आणि कंटाळला की पुढे सरकतो. सभागृहातील अंधारात शेजाऱ्याचा श्वास ऐकू येतो, दिवे लागल्यावर मतभेद होतात. समाजमनाची मशागत तेथे होते.

या संदर्भात आपल्या घराघरांतील एक शंकाही स्पष्टपणे बोलली पाहिजे. 'हे चित्रपट आपल्या समाजाचे दोषच दाखवितात' असे अनेक सुजाण कुटुंबांत ऐकू येते. काही चित्रपटांत एकांगीपणा असतो आणि तेथे टीका अवश्य व्हावी, परंतु ती पाहून व्हावी. नागराज मंजुळे यांच्या 'फॅन्ड्री'तील जब्याच्या वाट्याला आलेली अवहेलना कोणा परक्या देशातली नाही. समरसतेची भाषा बोलणाऱ्याने तो शेवटचा दगड अंगावर घेतलाच पाहिजे. आरशावर रुसून चेहरा बदलत नाही.

मग करावे काय? फार खर्चाची गोष्ट नाही. मलकापुरात शाळेचे एखादे सभागृह, एक प्रोजेक्टर, पांढरा पडदा आणि निर्मात्याची रीतसर परवानगी, एवढ्यावर महिन्याला एक चित्रपट दाखविता येईल. पतसंस्थेने, वाचनालयाने, गणेश मंडळाने यात वाटा उचलावा. एकेकाळी जत्रेतल्या तंबूत सिनेमा गावोगाव पोहोचत होता, मग आज तो का पोहोचू नये? चित्रपटानंतर अर्धा तास चर्चेसाठी राखावा. शक्य तेव्हा दिग्दर्शकाला बोलवावे आणि प्रेक्षकांनी त्याला निर्भीड प्रश्न विचारावेत. महोत्सवाच्या आयोजकांनीही निवडक चित्रपटांचा एक दिवस तालुक्याच्या गावी न्यावा. तिकीट अल्प असले तरी ते असावे, कारण फुकट मिळालेल्या कलेला कोणी वाली नसतो.

या उपक्रमातून लगेच कोणी बाबुराव पेंटर घडेल, असा दावा नाही. पण शाहूवाडीच्या एखाद्या वाडीतील मुलाला आपल्या घरची, आपल्या बोलीतली गोष्टही पडद्यावर येऊ शकते, हे उमगेल. तेवढ्यासाठी महिन्याची एक सायंकाळ आपण देऊ शकतो.