निवडीत गळलेल्या लेकरांसाठी

२ मे २०२५ रोजी कर्नाटकाच्या दहावीचा निकाल लागला. दक्षिण कन्नड जिल्हा ९१.१२ टक्क्यांनी पहिला आला आणि कलबुर्गी ४२.४३ टक्क्यांनी शेवटचा. म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यात परीक्षेला बसलेल्या दर शंभर लेकरांपैकी सत्तावन्न-अठ्ठावन्न त्या दिवशी नापास ठरली. मग शिक्षकांच्या रिकाम्या जागा, कॉपीला बसलेला आळा, गळके वर्ग असे सगळे विषय निघाले, आणि ते निघायलाच हवे होते. पण नापास झालेलं सोळा वर्षांचं पोर दुसऱ्या दिवशी सकाळी कुठं जातं, हे कुणी विचारलं नाही. आळंद, चिंचोली, औराद, भालकी या कलबुर्गी-बिदरच्या तालुक्यांतल्या माणसांना ते विचारावं लागत नाही. मुलगा मुंबई-पुण्याच्या नाहीतर हैदराबादच्या बांधकामावर जातो. मुलीला पाहुणे बघायला येतात.

या लेकरांना रानात, डोंगरात, कातळावर न्यावं. दहा-बारा जणांच्या टोळीनं आठ-दहा दिवस एकत्र ठेवावं. सोबत गिर्यारोहणाचा जाणता शिक्षक असावा आणि मनाची भाषा कळणारं माणूसही असावं. आणि हे सरकारी पैशानं व्हावं, अशी आमची मागणी आहे. ती ऐकून अनेकजण म्हणतील, पोटाची सोय नाही तिथं डोंगर कसले चढता? हा आक्षेप आम्हाला मान्य नाही. श्रीमंतांच्या मुलाचं मन बिघडलं तर त्याला समुपदेशक मिळतो, सुट्टीतलं शिबिर मिळतं, हिमालयातला ट्रेक मिळतो. तांड्यावरच्या पोराचं बिघडलं तर त्याला ‘वाया गेलेला’ असं नाव मिळतं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ या वयातल्या ७.३ टक्के मुलामुलींना मानसिक आजार असल्याचं आढळलं होतं. आजार ऐपत बघून येत नाही. इलाज मात्र ऐपत बघून मिळतो.

साहसातून उपचार ही कल्पना हौशी मंडळींनी काढलेली नाही. १९४१ साली, महायुद्ध ऐन भरात असताना, जर्मनीतून परागंदा झालेले शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांनी वेल्समधल्या अबरडोव्ही इथं ‘आउटवर्ड बाउंड’ची पहिली शाळा उघडली. जहाज बुडाल्यावर छोट्या होडीत तग धरायचा तर अंगातल्या बळाइतकाच मनाचा टिकाव लागतो, आणि तो तरुण खलाशांना शिकवता येतो, हा त्यामागचा विचार. पुढे याच पद्धतीला मानसोपचाराची जोड मिळाली. अनोळखी जागा, छोटी टोळी, एकट्याला न जमणारं काम, चूक झाली की तिथंच दिसणारा परिणाम, आणि संध्याकाळी त्या दिवसाबद्दल मोकळं बोलणं, असं तिचं साधारण रूप आहे. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बोवेन आणि नील या अभ्यासकांनी अशा उपक्रमांवरचे १९७ अभ्यास एकत्र तपासले. त्यांना मध्यम स्वरूपाचा, पण बऱ्याच अंशी टिकणारा फायदा दिसला. चमत्कार कुणीच सांगितलेला नाही. पण ज्या लेकरांच्या वाट्याला आज काहीच येत नाही, त्यांच्यासाठी मध्यम फायदाही मोठा आहे.

आपल्याकडं याच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट सीमेपलीकडंच, आजच्या तेलंगणात घडली. औराद तालुक्याची शीव संपते तिथून पुढं जुना निजामाबाद जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यातल्या पाकाला गावची मालावत पूर्णा, शेतमजुरांची मुलगी, ताडवाईच्या समाजकल्याण निवासी शाळेत शिकत होती. २५ मे २०१४ रोजी, चौदावं वर्ष पुरं व्हायच्या आत, ती एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचली. तिच्याबरोबर खम्मम जिल्ह्यातला आनंद कुमार होता, त्याच निवासी शाळांच्या संस्थेचा विद्यार्थी. त्या संस्थेचे तेव्हाचे सचिव आर. एस. प्रवीण कुमार यांनी ही मोहीम मनावर घेतली आणि शेखर बाबू बचिनेपल्ली यांनी मुलांना तेलंगणातल्याच भोंगीरच्या कातळावर तयार केलं. पुढे दार्जिलिंग आणि लडाखमध्ये सराव झाला. पूर्णा लंबाडा समाजातली. चिंचोली आणि आळंदच्या तांड्यांवर राहणारे लमाणी तेच लोक. फक्त कागदावर तेलंगणात अनुसूचित जमाती, कर्नाटकात अनुसूचित जाती आणि महाराष्ट्रात विमुक्त जाती. पूर्णानं २०२२ मध्ये सातही खंडांची सर्वोच्च शिखरं पूर्ण केली. चिंचोली तालुक्यातल्या कोंचावरमच्या तांड्यावरच्या एखाद्या मुलीला हे नाव शाळेत कुणी सांगितलं नसेल, तर ते आधी सांगायला हवं.

महाराष्ट्रानं हाच धडा गिरवला. आदिवासी विकास विभागाच्या ‘मिशन शौर्य’मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांमधली दहा मुलं निवडली गेली आणि मे २०१८ मध्ये त्यातल्या पाच जणांनी एव्हरेस्ट गाठलं. त्यांच्याही तयारीत भोंगीरचा कातळ होता.

या दोन्ही मोहिमांचा आम्हाला अभिमान आहे, आणि त्यांच्यापाशीच आमचा खरा मुद्दा सुरू होतो. दोन्हीकडं निवड होती. शेकड्यातून काही, काहींतून मोजके, मोजक्यांतून दोघं नाहीतर दहा. जे धडधाकट होते, काटक होते, भीतीला पुरून उरले, ते वर गेले. एव्हरेस्टचा नियमच तो आहे, त्यात कुणाचा दोष नाही. पण दम लागला म्हणून खाली बसलेली, रात्री आईच्या आठवणीनं रडलेली, उंचीवर हातपाय गार पडलेली, शिक्षकाशी भांडलेली मुलं पहिल्या आठवड्यातच घरी पाठवली जातात. उपचाराची गरज नेमकी त्यांना असते. सरकारला साहस आवडतं ते फोटो निघतो म्हणून, झेंडा लागतो म्हणून, आणि झेंडा लावायला सर्वांत भक्कम पोर लागतं. कर्नाटक-महाराष्ट्र सीमाभागात असा उपक्रम सुरू झाला तर त्यात निवड चाचणी नसावी. असलीच तर उलटी असावी. दहावीत नापास झालेला, वसतिगृहातून दोनदा पळून गेलेला, आईबाप मुंबईला म्हणून आजीपाशी वाढणारा, वर्गात महिनोन्महिने तोंड न उघडणारी, हे आधी.

असं पोर कातळापाशी उभं राहतं तेव्हा काय होतं, हे गिर्यारोहण शिकवणाऱ्या कुणालाही विचारावं. दोराचं एक टोक चढणाऱ्याच्या हार्नेसला आणि दुसरं खाली बिले देणाऱ्याच्या हाती. खालचाही त्याच्याच वयाचा, बहुधा आदल्या दिवशीपर्यंत त्याच्याशी न बोललेला. वरच्याचा पाय घसरला तर खालच्यानं दोर आवळून धरायचा, एवढंच काम. ज्या मुलावर आजवर कुणी कसली जबाबदारी टाकली नाही, किंवा ज्याच्यावर वयाआधीच घर चालवायची जबाबदारी पडली, त्या दोघांनाही इथं पेलवेल एवढी आणि खरी जबाबदारी मिळते. वरच्याला आपण पडलो नाही हे कळतं, खालच्याला आपण पडू दिलं नाही हे. परीक्षेच्या गुणपत्रिकेत यासाठी रकाना नाही.

आणि यासाठी हिमालय लागत नाही. चिंचोली तालुक्यातलं अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं; सुमारे १३५ चौरस किलोमीटरचं कोरडं पानझडी रान, मधे चंद्रमपल्लीचं धरण, पावसाळ्यात एत्तिपोताचा धबधबा. बिदरचं पठार जांभ्या खडकाचं, कडेला खोल दऱ्या. किल्ल्याचा तिहेरी खंदक तर त्या खडकातच कोरलेला. कातळ हवा तर दक्षिणेला यादगीर आणि शहापूरचे ग्रॅनाइटचे डोंगर आहेत, आणि त्यापलीकडं बदामी, जिथं देशभरातले प्रस्तरारोहक वर्षानुवर्षं येतात. शिकवायला कर्नाटक सरकारची जनरल थिमय्या साहस अकादमी आहे. महाराष्ट्रातल्या घराघरांत जी शहाबादी फरशी आहे, ती कलबुर्गी जिल्ह्यातल्याच खाणींतून निघते, आणि त्या खाणींवर राबणाऱ्यांची मुलं दगडाला आजवर फक्त मजुरी म्हणून ओळखतात. बिदरच्या किल्ल्यात चालावं, तट आणि खंदक नीट समजून घ्यावेत, पण त्या भिंतींवर दोर टाकू नये. संरक्षित वास्तू आहे ती. आणि मार्च ते मे या महिन्यांत या भागात मुलांना उन्हात बाहेर काढणं हा शुद्ध अविचार ठरेल. पावसाळा ओसरल्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचे दिवस यासाठी योग्य.

इथं धोक्याबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. १० डिसेंबर २०२४ रोजी कोलार जिल्ह्यातल्या मोरारजी देसाई निवासी शाळेच्या चार मुली सहलीत मुर्डेश्वरच्या समुद्रात बुडाल्या. गरिबांच्या लेकी, सरकारच्या भरवशावर घराबाहेर ठेवलेल्या. अशा घटनेनंतर दोन गोष्टी होतात: काही दिवस सगळ्या सहली बंद होतात आणि मग पुन्हा तशाच सुरू होतात. दोन्ही चुकीचं. नियम हवेत ते चालू राहण्यासाठी: दर किती मुलांमागं किती प्रशिक्षित माणसं, प्रथमोपचार कुणाला येतो, जवळचं रुग्णालय किती अंतरावर, पाण्यात उतरायचं की नाही, दोर आणि हेल्मेट किती जुनं. मुलींच्या टोळीसोबत महिला प्रशिक्षक असलीच पाहिजे, नसेल तर टोळी निघू नये. पहिल्या तुकडीतून तयार झालेल्या तांड्यावरच्या मुलींनाच पुढं प्रशिक्षण देऊन पगारावर घेतलं तर ही अडचण चार-पाच वर्षांत संपेल.

दुसरा धोका कमी दिसणारा आहे. अमेरिकेत ‘बिघडलेल्या’ मुलांना रानातल्या शिबिरांत पाठवण्याचा मोठा धंदा उभा राहिला. मुलांना मध्यरात्री अंथरुणातून उचलून नेणं, उपाशी ठेवणं, शिक्षा म्हणून चालवणं असले प्रकार त्यात घडले, काही मुलं दगावली. २००७ मध्ये तिथल्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयानं अशा संस्थांमधल्या दहा मृत्यूंची छाननी करून अहवाल दिला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये संस्थांमधल्या बालछळाविरुद्ध कायदा झाला. आपल्याकडं ‘पोराला सरळ करा’ म्हणून हाती देणारे पालक आणि ‘शिस्त लावतो’ म्हणून घेणारे शिक्षक दोन्ही भरपूर आहेत. म्हणून मुलाचा स्वतःचा होकार असल्याशिवाय त्याला नेऊ नये, आणि मधेच परत यायची मुभा त्याला राहावी. मारणं, उपाशी ठेवणं, चारचौघांत अपमान करणं याला तिथं जागाच नको.

राहिलं ते बोलणं, आणि यातच सगळं फसू शकतं. चढाई झाली, शेकोटी पेटली, पोर बोलायला तयार झालं, तर ते कुठल्या भाषेत बोलणार? औरादच्या मुलाची घरची मराठी, चिंचोलीच्या तांड्यावरची लमाणी, कलबुर्गीच्या मोहल्ल्यातली दखनी, शाळेत कन्नड. बंगळुरूहून आलेल्या समुपदेशकाला यातली एकच येणार. बापाच्या दारूबद्दल, ठरलेल्या लग्नाबद्दल, अंगाला झालेल्या नकोशा स्पर्शाबद्दल माणूस शिकलेल्या भाषेत बोलत नाही. ही दोन राज्यं, कर्नाटक आणि महाराष्ट्र, गावांच्या मालकीवरून गेली सत्तर वर्षं भांडत आहेत. त्याच गावांतल्या लेकराला त्याच्या भाषेत ‘तुला काय होतंय?’ असं विचारणारं माणूस दोघांनीही नेमलं नाही. हे माणूस इथंच मिळेल. आशा कार्यकर्ती, वसतिगृहाची वॉर्डन, तांड्यावरचा पहिला पदवीधर यांना शिकवून तयार करता येतं. आज देशभर चालणारा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं ऐंशीच्या दशकात बळ्ळारीत करून पाहिलेल्या प्रयोगावर उभा आहे, आणि गावातल्या आरोग्य सेवकांना मनाचे आजार ओळखायला शिकवणं हाच त्या प्रयोगाचा गाभा होता. बळ्ळारी कलबुर्गी-बिदरसारखीच कल्याण कर्नाटक विभागात येते. शिबिरानंतर निदान वर्षभर हेच माणूस महिन्यातून एकदा त्या मुलाला भेटलं पाहिजे. नाहीतर आठ दिवसांची मजा तेवढी होईल, आणि नवव्या दिवशी घर तेच असेल.

पैशाची सबब इथं चालणार नाही. राज्यघटनेच्या ३७१ (जे) कलमामुळं या भागाला खास दर्जा आहे आणि कल्याण कर्नाटक विभागीय विकास मंडळासाठी २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात पाच हजार कोटी रुपये दाखवले गेले. रस्ते, इमारती, वर्गखोल्या त्यातून होतात, व्हाव्यात. तेलंगणात जे काम निवासी शाळांच्या संस्थेनं केलं, तशीच संस्था कर्नाटकातही आहे. मोरारजी देसाई आणि कित्तूर राणी चन्नम्मा शाळा तिच्याच. मंडळानं पुढच्या आराखड्यात या उपक्रमाला स्वतंत्र शीर्ष द्यावं, बिदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांत तीन वर्षं तो चालवावा, आणि यश मोजताना शिखरं मोजू नयेत. पुढच्या जूनमध्ये किती जण पुन्हा शाळेत आले, आणि किती मुलींची लग्नं अठराच्या आत झाली नाहीत, ते मोजावं. पहिली तुकडी दहावीच्या पुढच्या संधींतही नापास झालेल्यांची असावी, आणि त्यांची यादी तालुक्याच्या गटशिक्षणाधिकारी कार्यालयात तयारच असते.