मनगटाची संहिता

रोलां बार्थच्या १९६७ मधील निबंधाचा हवाला देऊन ‘लेखकाचा मृत्यू’ साजरा करणारी मराठी समीक्षा मूकपटाजवळ आली, की त्याच मृत कर्त्याला पुन्हा सिंहासनावर बसविते. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) म्हणजे दादासाहेब फाळके, एवढ्यावर विवेचन थांबते. त्या चित्रपटाचे छायालेखक त्र्यंबक तेलंग श्रेयनामावलीत उरतात. मीमांसेत त्यांना प्रवेश नसतो.

हे विस्मरण केवळ माहितीच्या अभावातून आलेले नाही. शब्दसंहितेसाठी घडविलेली ‘कर्ता’ ही कोटी दृश्यसंहितेवर जशीच्या तशी लादल्याचे ते फलित आहे. मूकपटाचा कॅमेरा हाताने हँडल फिरवून चाले. हँडल मंद फिरले, की पडद्यावरील हालचाल शीघ्र होई; कॅमेरा थांबवून पात्र हलविले, की चमत्कार घडे. ज्याला समीक्षा ‘कथनाची लय’ म्हणते, तिचा एक मोठा अंश पटकथेत नव्हे, छायालेखकाच्या मनगटात होता.

यावर आक्षेप ठरलेला आहे: तेलंगांना कॅमेरा फाळक्यांनीच शिकविला, कल्पनाही फाळक्यांच्याच. आक्षेप खरा असला, तरी त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा आहे. शिष्यत्वाने कर्तृत्व पुसले जात असेल, तर परंपरा या संकल्पनेलाच अर्थ उरत नाही. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी दामल्यांच्या साहाय्याने देशी कॅमेरा घडविला आणि ‘सैरंध्री’ (१९२०) निर्माण झाला. पण दामले आणि फत्तेलाल समीक्षेला ठळकपणे दिसू लागले ते ‘संत तुकाराम’चे (१९३६) दिग्दर्शक म्हणून! यंत्र घडविणारा हात अदृश्य आणि दिग्दर्शकाचे पद तेवढे दृश्य, अशी ही दृष्टी आहे.

शिवाय पुरावा किती तोकडा! ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली आणि शेवटची रिळे उरली, तीही १९१३ची की १९१७च्या पुनर्निर्मितीची, यावर अभ्यासकांत वाद आहे. एवढ्या अवशेषावर ‘फाळक्यांच्या शैली’चे इमले मात्र निःशंकपणे उभे राहतात.

कर्जत परिसरात, खालापूर तालुक्यातील चौकजवळ २००५ साली उभ्या राहिलेल्या एन. डी. स्टुडिओने नितीन देसाई या कलादिग्दर्शकाची आद्याक्षरे धारण केली. पडद्यामागच्या कारागिराचे नाव दर्शनी भागावर कोरणे चित्रव्यवसायाला साधले. ते सिद्धान्ताला अद्याप साधलेले नाही. तेलंगांना उपकार म्हणून एखादी तळटीप बहाल करण्याने हा दोष फिटणार नाही. त्यासाठी कर्तृत्व हे एकवचनी नाम आहे, हे गृहीतकच सोडावे लागेल.