हुतात्म्यांच्या आडून

ऑक्सफर्डचे हुतात्मा-स्मारक ही निव्वळ श्रद्धांजली मानणाऱ्यांना एकच विचारावेसे वाटते: क्रॅन्मर, लॅटिमर, रिड्ली यांना राणी मेरीच्या राजवटीत जाळले १५५५-५६ साली; मग स्मारकाची निकड तीन शतके सरत आल्यावर का भासावी? १८३८ साली न्यूमन व कीबल यांनी दिवंगत मित्र हरेल फ्रूडचे लेखन छापले. त्यात धर्मसुधारकांची निर्भर्त्सना होती. १८४३ साली पुरे झालेले हे स्मारक म्हणजे त्याला दिलेले दगडी प्रत्युत्तर. तेही गॉथिक, म्हणजे रोमनिष्ठ मध्ययुगाकडून उसन्या घेतलेल्या शैलीत! न्यूमन १८४५ साली रोमला मिळालाच. क्रॅन्मर आर्चबिशप असताना, १५५० साली, जोन बोचर हिलाही पाखंडी ठरवून जाळले होते. तिचे नाव या दगडावर नाही.